उलव्यातली गिरणी आणि बाकीच्या सोयी

एखादी नवी वसाहत राहण्याजोगी झाली का, हे बघायची माझी स्वतःची एक रीत आहे. मी तिथे पिठाची गिरणी शोधते. गिरणी असेल तर फॉल-पिको करून देणारी असते, ती असेल तर जवळपास चप्पल शिवणारा बसलेला असतो, आणि कुकरची शिट्टी, मिक्सरचं भांडं, छत्रीची काडी नीट करून देणारा कोणीतरी त्याच रांगेत सापडतो. ही मंडळी कुठल्याही बिल्डरच्या पुस्तिकेत नसतात. पुरेशी घरं भरली, त्यांत रोज दोन वेळचा स्वयंपाक व्हायला लागला, की आपसूक येतात. आणि जातातही आपसूक, हे मला अलीकडे कळलंय.

आम्ही लालबागहून उलव्याला आलो तेव्हा इथे रेल्वे यायची होती. नेरूळ-बेलापूरहून एनएमएमटीची, म्हणजे नवी मुंबई महापालिकेची, बस आम्र मार्गाने यायची आणि पूल ओलांडेपर्यंत दोन्ही बाजूंना जेएनपीटी बंदराचे कंटेनर वाहणारे ट्रेलर. एकेका ट्रेलरच्या चाकाशेजारी बस उभी राहिली की सासूबाई डोळे मिटून घ्यायच्या. लालबागला घरातून खाली उतरलं की मसाल्याच्या डंकापासून फुलांच्या पुडीपर्यंत सगळं चपलेच्या अंतरावर. इथे उतरलं की समोर रिकामा प्लॉट, त्यापलीकडे रिकामा प्लॉट, आणि त्यापलीकडे अजून सपाट व्हायचा असलेला उलव्याचा डोंगर.

ज्यांना उलवे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सिडको या सरकारी नगररचना कंपनीने आखलेल्या नवी मुंबईचा हा दक्षिणेकडचा नोड, म्हणजे आखून वसवलेला एक विभाग. बेलापूरच्या बाजूने पनवेल खाडी ओलांडली की सुरू होतो. पत्त्यात नवी मुंबई असली तरी नवी मुंबई महापालिका इथली नाही. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला स्थापन झाली, तिच्यातही आम्ही नाही. आमच्या डोक्यावर सिडको आणि आजूबाजूच्या गावांच्या ग्रामपंचायती. तालुका पनवेल, विधानसभा उरण आणि लोकसभा थेट मावळ. म्हणजे आमचा खासदार ठरवायला घाटावरचे पिंपरी-चिंचवडकर आमच्याबरोबर मतदान करतात. सात मजले चढून घरात आलेला माणूस ‘आमचा नगरसेवक कोण?’ असं विचारतो तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी म्हणून मला उत्तर द्यावं लागतं की तो नाहीच.

आता कोण कोणत्या क्रमाने आलं ते सांगते. सगळ्यात आधी इस्टेट एजंट. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हापासून त्यांच्या काचेच्या केबिनमध्ये एसी होते. मग पाण्याच्या जारवाला, मग हार्डवेअरचं दुकान, मग ग्रिल आणि स्लायडिंगवाले. घर लावणाऱ्या माणसांची गरज भागवणारे आधी आले, घरात राहणाऱ्यांची गरज भागवणारे नंतर. किराणा, दूध, मेडिकल, सलून. ११ नोव्हेंबर २०१८ ला नेरूळ आणि बेलापूरहून खारकोपरपर्यंत लोकल सुरू झाली, आणि त्यानंतर दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेणाऱ्या बायका, शिकवण्या, पाळणाघर, इस्त्रीवाला असे सगळे एकामागोमाग दिसायला लागले. गाड्या कमी होत्या. एक चुकली की पुढचीपर्यंत बामणडोंगरीच्या फलाटावर वाऱ्यात उभं राहायचं. पण रेल्वे आली म्हटल्यावर भाडेकरू आले, भाडेकरू आले म्हणून डबेवाल्या मावशी आल्या. हे लोण असंच पसरतं.

आमच्या खालच्या गाळ्यात गिरणी आली ती या लाटेत. गिरणीवाले काका नगर जिल्ह्यातले. त्यांना तीन फेजचं मीटर मिळेपर्यंत ते रोज येऊन बंद गिरणीसमोर खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तारीख सांगायचे. सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूंची तक्रार आली: सकाळी आठला फरशी थरथरते. मग मीटिंग. काकांनी मोटारीखाली रबराचे ठोकळे घातले, वेळ दहाची केली आणि तक्रार करणाऱ्या घराचं पहिलं दळण फुकट दिलं. माझ्या कारकिर्दीत इतक्या झटपट मिटलेलं दुसरं भांडण नाही. पार्किंगचं अजून चालूच आहे.

हे गाळे इमारतीखाली आहेत त्यामागे इतिहास आहे. आमच्या गल्लीतल्या बहुतेक इमारती साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभ्या आहेत. नवी मुंबईसाठी शेतजमिनी आणि मिठागरं घेतली गेली, तेव्हाच्या मोबदल्याविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात आंदोलन झालं. १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन प्रकल्पग्रस्तांना परत द्यायचं तत्त्व आलं. ते प्लॉट लहान लहान. त्यांवर स्थानिक कुटुंबाने एखादा बिल्डर धरून चार-सात मजले उभे केले, काही फ्लॅट आणि गाळे स्वतःकडे ठेवले, बाकी विकले. त्यामुळे प्रत्येक इमारतीच्या पायथ्याशी चार-सहा गाळे आणि गाळ्याचा मालक जवळच्याच गावातला. भाडं थकलं तर तो स्वतः स्कूटरवरून येतो, चहा पितो आणि पुढच्या महिन्याचं बोलून जातो. इमारत दिसायला सुबक असेलच असं नाही. आमच्या जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकावं लागतं. पण रस्त्यावर रात्री साडेदहाला चार दुकानं उघडी असतात, आणि क्लासहून परतणाऱ्या मुलीच्या आईला त्याचं मोल विचारावं.

मोठ्या प्लॉटवर आलेल्या नव्या संकुलांची तऱ्हा वेगळी. आमच्याकडे शेजारच्या नवी मुंबई विमानतळामुळे उंचीला मर्यादा आहे, तरी रुबाब कमी नाही. मागच्या वर्षी नणंदेला घर बघायचं होतं म्हणून आम्ही तिघी एका संकुलाचा नमुना-फ्लॅट बघायला गेलो. पुस्तिकेत चाळीसच्या वर अमेनिटीज. योगा डेक, रिफ्लेक्सॉलॉजी पाथवे, बार्बेक्यू कॉर्नर, पेट पार्क, आणि ‘सीनियर सिटिझन सिटआउट’. सासूबाईंनी त्या मुलीला विचारलं, “म्हाताऱ्यांनी कुठे बसायचं ते तुम्ही आधीच ठरवून टाकलंय का गं?” ती बिचारी हसली. मग त्यांनी विचारलं, “आणि खाली भाजी कुठे मिळते?” ॲपवर दहा मिनिटांत येते, असं उत्तर आलं. सासूबाईंनी हातातलं सरबत संपवलं आणि उठल्या.

संकुलाला रस्त्याच्या बाजूने लांबलचक भिंत आहे, आत पोडियम, पोडियमवर बाग. बाग सुंदर आहे, खोटं का बोला. नणंदेची पोरं ट्रायल म्हणून तासभर खेळली तर घरी यायला तयार होईनात. पण त्या भिंतीलगतच्या फुटपाथवर एकही दुकान नाही, बसायला कट्टा नाही, आणि संध्याकाळी सातनंतर तिथून एकटीने चालावंसं वाटत नाही. जी सोय पूर्वी रस्त्यावर सगळ्यांसाठी असायची ती फाटकाच्या आत गेली आणि मेंटेनन्सच्या बिलात आली. नणंदेने तिथेच घर घेतलं. मी तिला दोष देत नाही. आमच्या जिन्यापेक्षा तिथली लिफ्ट कितीतरी मोठी आहे आणि दोन मुलांना सांभाळताना तशी लिफ्ट लागते.

पाण्याबद्दल लिहायला बसले तर स्वतंत्र लेख होईल, म्हणून आवरतं घेते. पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं पाणी इकडे येतं. कधी दाब असतो, कधी नसतो. दाब नसला की टँकर, आणि टँकर आला की व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसऱ्या मजल्याने वॉशिंग मशीन लावलं का याची चौकशी. इतकंच.

एका गोष्टीचा उल्लेख मात्र कुठल्याच पुस्तिकेत, कुठल्याच नकाशावर ठळक नसतो. नव्या वसाहतीत माणसं मरतातही. आमच्या इमारतीत पहिला मृत्यू झाला तो पावसाळ्यात, मध्यरात्रीनंतर. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा. मुलगा दुबईत, सून आणि लहान नातू घरात. डॉक्टरांचं प्रमाणपत्र मिळवण्यातच दोन तास गेले, कारण रात्री घरी येणारे डॉक्टर तेव्हा इकडे नव्हते. नेरूळहून कोणीतरी ओळखीने आले. मग प्रश्न: न्यायचं कुठे? लालबागला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. तिथे तिरडीचं सामान कुठे मिळतं ते शाळकरी पोरालाही ठाऊक. इथे अठ्ठावीस घरांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. बेलापूर म्हणा, पनवेल म्हणा, सगळे मोबाइलवर शोधत बसले.

शेवटी मी गाळामालकांना फोन लावला. पहाटे साडेचारला. ते जवळच्या गावातले, आगरी. वीस मिनिटांत चार माणसं, बांबू, सुतळी, मडकं घेऊन आले. गावच्या स्मशानात लाकडं रचलेली होती. पावसात शेडखाली दोन-तीन माणसं टायर आणि डिझेल घेऊन तयार. आजोबांचा या गावाशी संबंध काय, तर गावच्या शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत ते वर्षभर राहिले. मुलगा दुपारी पोहोचला तेव्हा गावातल्या एका काकींनी सुनेला आणि नातवाला भात-वरण आणून दिलं होतं. नंतर सोसायटीने पैसे देऊ केले तर मालक म्हणाले, “लाकडांचं तेवढं द्या वैनी. माणसांचं काय घ्यायचं?”

तेव्हापासून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर इलेक्ट्रिशियन आणि लिफ्टवाल्याच्या नंबराखाली मी आणखी एक नंबर लावला. काही सभासदांना ते अशुभ वाटलं. तो काढावा असा ठराव आला. मी सरळ सांगितलं की काढायचा असेल तर आधी सेक्रेटरी बदला. नंबर अजून आहे.

गावाचं हे देणं नव्या लोकांच्या हिशेबात येत नाही याची मला चीड आहे. शेजारच्या मोरावे गावाहून मासळीची टोपली घेऊन येणाऱ्या ताईंना सोसायटीच्या फाटकात बसू द्यावं की नाही यावर ग्रुपवर मतदान होतं, मासळीचा वास येतो म्हणून. त्या ताई एकदा बोटाने आमच्या पाण्याच्या टाकीकडे दाखवून म्हणाल्या, “आथं आमची खार व्हती गो. भात पिकायचा.” खार म्हणजे खाडीकाठचं शेत. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पत्ता सांगावा तसं सांगितलं. जिताडा ताजा मिळाला तर आजही त्या आधी आमची बेल वाजवतात, आणि हिवाळ्यात वालाच्या शेंगा आल्या की पोपटीचं बोलावणं येतं. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात शिजलेल्या शेंगा, बटाटे, अंडी. ते मडकं उलटं करून जाळाबाहेर काढतात तेव्हा आमच्या सोसायटीतली कोचिंग क्लासची पोरं पहिल्यांदा मोबाइल खिशात ठेवतात.

मग मोठ्या सोयी आल्या. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला आणि त्याच दिवशी लोकल खारकोपरपुढे उरणपर्यंत गेली. सेतू आमच्या गच्चीवरून स्वच्छ हवेत दिसतो. २१.८ किलोमीटर, त्यातले सोळा-साडेसोळा समुद्रावर. तो वापरायचा तर मोटार हवी. सुरुवातीला एका खेपेचा टोल अडीचशे रुपये होता. दुचाकीला आणि रिक्षाला बंदी. आमच्या अठ्ठावीस घरांत मिळून सहा मोटारी आणि तीसेक दुचाक्या आहेत, तेव्हा सेतू कोणासाठी हा हिशेब तुम्हीच करा. नंतर एनएमएमटीची वातानुकूलित बस सेतूवरून मुंबईला जायला लागली. फोर्टात नोकरी असलेल्या आमच्या चौथ्या मजल्याची संध्याकाळ तिने वाचवली. उरणची लोकल मात्र सगळ्यांची. आता शुक्रवारी कोणीतरी उरणला जाऊन पिरवाडीचा समुद्र बघून येतो, येताना सुकी मासळी घेऊन येतो.

आणि विमानतळ. त्यासाठी डोंगर फुटत होता तेव्हा भोंगा वाजायचा, मग स्फोट, मग आमच्या काचा. उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. दहा गावं उठली: तरघर, कोंबडभुजे, उलवे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर आणि बाकीची. ज्या गावाच्या नावाने आमचा नोड आहे ते मूळ उलवे गाव आता विमानतळाच्या हद्दीत गेलंय, ही गोष्ट नव्याने आलेल्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते कोण जाणे. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरला प्रवासी विमानं उडू लागली. त्या दिवशी सगळी इमारत गच्चीवर होती. पहिलं विमान दिसलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आमच्या डोक्याशी जग आलंय असं वाटून अंगावर काटा आला, तो खोटा नव्हता.

मग त्याचं बिल यायला लागलं. विमानतळावर काम करणारी तरुण पोरं फ्लॅट शोधत आली, दोन बीएचकेमध्ये सहाजण राहायला लागले, भाडी चढली. नव्या प्रकल्पांच्या फलकांवर ‘रनवे’, ‘स्काय’, ‘एअरो’ अशी नावं. आणि एका संध्याकाळी गाळामालक चहाला वर आले. चहा न पिताच बोलले. एका कॅफेवाल्यांनी गिरणीचा गाळा आणि शेजारचा इस्त्रीचा गाळा असे दोन्ही मागितले होते, चालू भाड्याच्या अडीचपट देऊन. मालकांच्या घरी दोन मुलींची कॉलेजची फी आहे. त्यांनी माझ्याकडे परवानगी मागितली नाही, गाळा त्यांचा आहे. त्यांना फक्त आधी सांगायचं होतं. मी काय बोलणार? ज्या माणसाने पहाटे साडेचारला फोन उचलला त्याला मी अडीचपट भाडं सोडायला सांगू?

सोसायटीत दोन तट पडले. तरुण मंडळींना कॅफे हवा होता. लॅपटॉप घेऊन बसायला जागा नाही, घरात पोरं रडतात, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पहिला मजला खूश, थरथर जाणार. आम्ही काही बायकांनी काकांसाठी दुसरा गाळा शोधायचा प्रयत्न केला. आमच्या गल्लीत, पलीकडच्या गल्लीत, स्टेशनच्या वाटेवर. प्रत्येक ठिकाणी भाडं विमानतळाचं आणि अट ‘आवाज नको, धूळ नको’. गिरणीत धूळ नको! नव्या संकुलात तर गाळेच नाहीत.

इस्त्रीवाल्याचं सोपं होतं. तो आता ॲपवर आहे, स्कूटरवरून कपडे नेतो, दर वाढवलेत. काकांची मोटार, जातं, वजनकाटा एका टेंपोत भरून गेलं ते गावठाणात. गावात आधीच एक जुनी गिरणी होती, तिच्या शेजारच्या पडवीत त्यांना जागा मिळाली. ती जागा कोणी शोधून दिली ते सांगायला नकोच. भाडं कमी, विजेचं मीटर आधीच तीन फेजचं.

अडचण निराळीच निघाली. गावात भाकरी तांदळाची. गिरणीत दिवसभर तांदूळच पडतो. आमच्या सोसायटीतून गहू, ज्वारी, नाचणी जायला लागली तेव्हा पहिल्या दळणात तांदळाचं पीठ मिसळून यायचं आणि पोळ्या तुटायच्या. काकांनी मग वार बांधून दिले. आता मंगळवार आणि शुक्रवार गहू, बुधवार ज्वारी-बाजरी, भाजणी गुरुवारी सकाळी पहिल्यांदा. मसाला दळत नाहीत. रविवारी बंद. आमच्याकडून सातव्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा स्कूटरला पुढे-मागे डबे लावून नेतो, डब्यामागे दहा रुपये घेतो. डब्यावर फ्लॅट नंबर आणि धान्याचं नाव पट्टीवर लिहायचं, झाकणाला रबर लावायचा. मागच्या आठवड्यात ५०२चं पीठ ३०२कडे गेलं आणि ते नाचणीचं निघालं म्हणून ग्रुपवर जे झालं ते इथे लिहीत नाही.

कॅफे सुरू झालाय. कॉफी बरी आहे, महाग आहे. सासूबाईंनी एकदा जाऊन खुर्चीची उंची तपासली, बसून पाहिलं आणि आता त्या रोज संध्याकाळी बाहेरच्या खुर्चीवर काही न मागवता बसतात. तिथली पोरं त्यांना आजी म्हणतात आणि पाणी आणून देतात.